होसकोट्यात शेवंडी स्थिर

मी शेवंडींची पिल्लं मोजायची नोकरी धरली तेव्हा शेवंड पाहिलेली नव्हती. तीन वर्षं नोकरी केल्यावरही पाहिलेली नव्हती. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारण आमच्या ऑफिसात ती कुणीच पाहिलेली नव्हती. ऑफिस बेंगळुरूच्या इंदिरानगरमध्ये, एका चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर. समुद्र तिथून साडेतीनशे किलोमीटर. एखाद्या पाहुण्यानं विचारलंच की समुद्राचं ऑफिस समुद्राकाठी का नाही, तर आम्ही सांगायचो की तिथं नेटवर्क येत नाही. पाहुण्याला पटायचं.

शेवंड म्हणजे कोळंबीची श्रीमंत मावशी. लांब मिशा, अंगावर चिलखत, आणि हॉटेलच्या मेनूत नावासमोर भाव लिहिलेला नसतो. पण आमचा संबंध मावशीशी नव्हता, पिल्लांशी होता. पिल्लू नखाएवढं आणि काचेसारखं आरपार असतं. कित्येक महिने भर समुद्रात वाहत राहिल्यावर ते कधीतरी किनाऱ्याकडे वळतं आणि लपायला जागा शोधतं. तिथं आम्ही त्याला फसवायचो. नायलॉनचे दोर उसवून केलेले झुपके पाण्यात टांगलेले असायचे, पिल्लाला वाटायचं शेवाळ आहे, ते आत शिरायचं. अमावास्या झाली की झुपका वर काढायचा, ताटात झटकायचा, पडतील ती पिल्लं मोजायची आणि परत पाण्यात सोडायची. सगळी खाडी काही झटकता येत नाही. म्हणून झुपक्यामागे किती पडली यावरून खाडीत किती आली असतील ते काढायचं. मोजायचं तिकडे, काढायचं इकडे.

आमचं घर बनशंकरीत. घराणं इथं चार पिढ्यांचं. जेवतं मराठीत, भांडतं कन्नडमध्ये. आई, म्हणजे शारदाबाई, रोज संध्याकाळी विचारायची, "प्रवीणा, आज किती झाल्या रे?" मी म्हणायचो, एक. "कालपण एकच होती की. स्वल्प वाढवा की ओ." तिच्या समजुतीप्रमाणे मी कोळंबीच्या बँकेत होतो. तशी ओळखही तिनं गल्लीत करून दिली होती, आणि शेजारच्या एका अक्कांनी खातं उघडण्याबद्दल चौकशी केली होती.

हे सगळं काम ज्यांचं, ते विद्याधर सर. मूळचे पुण्याचे, सरकारी संशोधनात सगळी हयात घालवलेले, पूर्ण शाकाहारी. कांदासुद्धा विचार करून खाणारे. सगळ्यांना अहो-जाहो करायचे, प्रिंटरलासुद्धा. प्रिंटर अडकला की म्हणायचे, "काय झालं तुम्हाला?" आणि शेवंडीच्या पिल्लांना ते 'मंडळी' म्हणायचे. सकाळी आल्याआल्या पहिला प्रश्न, "मंडळी आली का?" नवीन माणसाला वाटायचं मीटिंग आहे.

खाडी होती कागेगुड्ड्याची. कारवारच्या बरीच खाली, खडकाळ. सरांनी तिच्यासाठी आयुष्यात एक वाक्य मिळवलं होतं. मत्स्यखात्याच्या नियमांत, पुष्कळ बैठकांनंतर, त्यांनी ते घालून घेतलं: झुपक्यामागे पिल्लांची सरासरी अर्ध्याच्या खाली गेली, तर त्या ठिकाणी शेवंड धरण्यास दोन वर्षे बंदी. बाकी सरांनी लिहिलेलं खूप होतं, पण ते कुणाला पाळावं लागत नव्हतं. हे पाळावं लागणार होतं. सर महिनाअखेर निवृत्त होत होते आणि त्यांची मागणी एवढीच होती, की मंडळी येत राहावीत, आणि येईनाशी झाली तर त्या वाक्यानं वेळेवर आडवं पडावं.

ते आडवं पडायची वेळ आलेली नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत सरासरी पाच होती, मग उतरत उतरत गेली, आणि शेवटची तीन वर्षं एकवर येऊन थांबली. एक, एक, एक. आलेखाची रेघ घसरगुंडीवरून उतरून बाकावर बसल्यासारखी दिसायची. दर वर्षी अहवालात शेरा पडायचा, 'स्थिर'. हा शब्द वाचून सरांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी इतर लोकांच्या चेहऱ्यावर फक्त तपासणीचे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर पाहिलं आहे.

सर पद्धतीचे फार पक्के होते. खाडीचे तीन थर केलेले: खडक, वाळू आणि मुखाचा भाग. प्रत्येक थरात झुपका कुठे टांगायचा ते माणसानं ठरवायचं नाही, रँडम आकड्यांनी ठरवायचं. माणूस नेहमी सोयीची जागा निवडतो, असं सर म्हणायचे. पहिल्या वर्षी एक ठिकाण बर्फाच्या कारखान्याच्या छपरावर पडलं. नकाशा जुना होता. सगळ्यांनी समजावलं. सर म्हणाले, रँडम म्हणजे रँडम. त्या हंगामात एक झुपका छपरावर टांगलेला होता आणि दर अमावास्येनंतर एक माणूस शिडी लावून तो झटकत होता.

पण सरांचा सगळ्यांत कडक नियम वेगळाच होता. मूळ आकडे बघायचे नाहीत. किनाऱ्यावरची माणसं मोबाईलवर आकडा भरायची, तो थेट प्रोग्राममध्ये जायचा, प्रोग्राम सरासरी काढायचा आणि स्वतःच खात्याकडे पाठवायचा. मध्ये कुणाचा डोळाही नाही, हातही नाही. सरांचं म्हणणं, आकडे बघितले की माणसाला त्यातले काही आवडायला लागतात. मग नावडते गाळावेसे वाटतात. त्यामुळे आम्ही शेवंडी पाहिलेल्या नव्हत्या आणि शेवंडींचे आकडेही पाहिलेले नव्हते. आमचं मन अत्यंत शुद्ध होतं.

निरोपसमारंभ जवळ आला तशी ईरा माझ्या मागे लागली. ईरा आमची नकाशे करणारी, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली. म्हणाली, "प्रवीण, प्लीज काहीतरी फनी कर ना. नाहीतर सगळे स्पीच देतील आणि मी रडेन, आय स्वेअर." मी मनावर घेतलं. 'बेंगळुरूतील शेवंडीच्या पिल्लांची पाहणी' असं नाव दिलं आणि ती अगदी सरांच्या पद्धतीनं रचली. तीन थर: इंदिरानगर, बनशंकरी, होसकोटे. होसकोटे शहराच्या बाहेर आहे हे मला माहीत आहे, पण खाडीचं मुखही तसं खाडीच्या बाहेरच असतं. रँडम आकड्यांनी ठिकाणं काढली. एक पडलं ऑफिसखालच्या चष्म्याच्या दुकानात, एक आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत, होसकोट्यातली दोन कारखान्यांच्या पत्र्यांवर आणि एक तळ्यात. सगळ्यांपुढे मी शून्य भरलं. माझ्या नोकरीतला हा पहिला आकडा ज्याची मला स्वतःला खात्री होती.

मग गंमत पुरी व्हावी म्हणून मी ती माहिती आमच्या प्रोग्राममध्ये घातली. सरांच्या नावाचं शीर्षक असलेला अहवाल निघाला की मोठा करून भिंतीवर लावू, असा विचार.

अहवाल निघाला. इंदिरानगर, झुपक्यामागे एक. बनशंकरी, एक. होसकोटे, एक. शेरा: स्थिर. खाली नेहमीसारखं 'खात्याकडे पाठवले' असंही आलं, पण तिकडे तेव्हा लक्ष गेलं नाही.

मी हसलो. ईराला बोलावलं, तीही हसली. "हाऊ क्यूट, होसकोट्यात शेवंडी स्थिर," म्हणाली. मग ती थांबली. मग मी थांबलो. खाली दुकानात काच घासायचं मशीन चालू होतं, ते थांबलं नाही.

काय झालं होतं ते सांगायला अवघड नाही. पाहणीत शून्यं फार येतात, आणि शून्याचं लॉग निघत नाही. म्हणून हिशोबात एक जुनी सोय आहे. सुरुवातीला प्रत्येक झुपक्याला एक पिल्लू उसनं द्यायचं. शून्याचं एक होतं, पाचाचे सहा होतात, हिशोब सुरळीत चालतो. शेवटी उत्तर आलं की दिलेलं एक परत घ्यायचं. जगभर असंच करतात. आमच्या प्रोग्रामनं दिलं होतं. परत घेतलं नव्हतं.

म्हणजे बेंगळुरूत झुपक्यामागे जे एक पिल्लू होतं, तेच कागेगुड्ड्यात होतं.

ईरानं दार लावलं आणि आम्ही सरांचा नियम मोडला. मूळ आकडे उघडले. शेवटच्या तीन वर्षांत शून्याशिवाय काही नव्हतं. पानंच्या पानं, वरपासून खालपर्यंत, अंड्यांच्या ट्रेसारखी.

किनाऱ्यावर नागराजला फोन लावला. नागराज खडकांच्या बाजूचे झुपके बघायचा, वाळूच्या बाजूचे रघुजी. मी त्याला कन्नडमध्ये विचारलं की अण्णा, तीन वर्षं शून्य येतंय हे तुम्ही कधी बोलला नाहीत. तो म्हणाला, मी दर अमावास्येला शून्य भरत होतोच की. पण वर्षाच्या शेवटी तुमचा अहवाल यायचा, त्यात झुपक्यामागे एक असायचं. मी म्हटलं, माझ्याकडे शून्य आणि सरासरी एक, म्हणजे पलीकडे रघुजीला दोन-दोन मिळत असणार. मला त्याचा जरा रागही होता. मग रघुजीला लावला. रघुजीला नागराजचा राग होता. दोघं तीन वर्षं एकमेकांशी धड बोललेले नव्हते.

सरांना सांगायला मी गेलो. ईरा दारात उभी राहिली. सर टेबलाचा खण आवरत होते. पेनं एकीकडे, संपलेली पेनं दुसरीकडे. मी सगळं सांगितलं, गमतीपासून. मधे एकदाही त्यांनी थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "होसकोट्यात किती झुपके टांगले होते?"

"टांगलेच नव्हते, सर. गंमत होती."

"आणि एक आलं."

"हो."

"मग गंमत बरोबर आहे तुमची," सर म्हणाले, आणि कॉम्प्युटरकडे वळले.

प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला होता. एक वजा करायची ओळ त्यात होती. पण तिच्या सुरुवातीला एक बारीक खूण होती. ती खूण असली की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढे जातो. पहिल्या वर्षी काहीतरी तपासताना सरांनी ती घातली असणार आणि काढायची राहून गेली. सरांनी ती काढली. एवढंच काम होतं. मग त्यांनी सगळी वर्षं पुन्हा चालवली आणि आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. रेघ अख्खीच्या अख्खी एक पायरी खाली उतरली. शेवटची तीन वर्षं शून्य. पण सरांचं बोट त्याच्या आधीच्या वर्षावर थांबलं. त्या वर्षी आम्ही १.४ लिहिलं होतं. आता तिथं ०.४ आलं.

"अर्ध्याच्या खाली," ईरा म्हणाली.

"त्या वर्षी मंडळी होती," सर म्हणाले. "थोडी होती. पण होती."

त्या वर्षी बंदी आली असती. वाक्य तयार होतं, खातं तयार होतं, फक्त आकड्याला एक पिल्लू चिकटलेलं होतं. ईरानं विषय बदलायचा म्हणून एक सुचवलं, आणि ते चांगल्या मनानं सुचवलं. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, पेन्शनचे कागद अडकतील, चौकशी लागेल. दुरुस्ती नंतर पाठवू, आम्ही पाठवतो, तुमचं नावही येणार नाही.

"नियमात अर्ध्याच्या खाली असं लिहिलंय, ईरा," सर म्हणाले. "निवृत्तीनंतर असं कुठे लिहिलेलं नाही."

दुपारच्या आत दुरुस्ती गेली. चूक कुणाची, या रकान्यात सरांनी स्वतःचं नाव घातलं आणि ते चुकून पडलंय असं वाटू नये म्हणून जोडीला पदही घातलं. आणि खरं सांगतो, त्या दिवशी ते जवळजवळ खुशीत होते. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून त्यांनी आम्हाला कॉफी पाजली. शून्य म्हणजे अर्ध्याच्या खाली. म्हणजे बंदी येणार. मोठ्या शेवंडी समोरच्या खोल पाण्यात अजून थोड्या असतील, त्यांना दोन वर्षं कुणी हात लावला नाही तर मंडळी परत येऊ शकतात. उशीर झालाय, पण वाक्य शाबूत आहे, असं ते म्हणाले. घरी पत्नीला, अलकाताईंना, फोन करून त्यांनी पुण्याला जायचं थोडं पुढे ढकललं. बंदीचा कागद हातात घेऊनच जाऊ म्हणाले.

त्या आठवड्यात खात्याच्या उपसंचालकांनी व्हिडिओवर मीटिंग लावली. साहेब सज्जन होते, सरांना मानणारे. त्यांनी आधी दुरुस्तीबद्दल आभार मानले. मग म्हणाले की अर्ध्याच्या खाली गेलं तर बंदी हा नियम आहेच, पण त्याच्या पुढचा नियमही आहे. सलग दोन हंगाम शून्य आलं तर ती जागा पिल्लांची जागा धरली जात नाही. ती यादीतून निघते. यादीत नसलेल्या जागेवर बंदी घालता येत नाही. तुमच्या दुरुस्तीप्रमाणे तीन हंगाम शून्य आहे. कागेगुड्डे कालच यादीतून निघालं.

सरांनी शांतपणे विचारलं, की जोवर चुकीचा एक होता तोवर बंदी नव्हती, कारण मंडळी होती. आणि आता खरं शून्य आहे तर बंदी नाही, कारण मंडळी नाहीत?

"अगदी बरोबर, सर," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं सरांना पटलं.

आणि जुने अहवाल? ते राज्याच्या सरासरीत जाऊन छापूनही झालेत, ते बदलता येत नाहीत. म्हणजे कागेगुड्ड्यात शेवंडी स्थिर आहेत हे कायम राहील. फक्त कागेगुड्डे राहणार नाही.

मग साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, पण तुमचं होसकोट्याचं नवीन केंद्र छान निघालंय. पहिल्याच पाहणीत झुपक्यामागे एक. इंदिरानगर आणि बनशंकरी सिस्टिमनं नाकारली, ती महापालिकेच्या हद्दीत येतात. होसकोट्याला तळं आहे, त्यामुळे मंजूर झालं. कागेगुड्ड्याचा निधी तिकडे वळवलाय.

मी मध्ये बोललो. साहेब, होसकोट्याला समुद्र नाही. ती गंमत होती, निरोपसमारंभासाठी. तो एकसुद्धा त्याच चुकीतला आहे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग दुरुस्ती का नाही पाठवलीत? मी म्हटलं, आत्ता पाठवतो. ते म्हणाले, आता केंद्र मंजूर झालंय. मंजूर केंद्र काढायचं तर सलग दोन हंगाम शून्य यायला हवं. तुम्ही पाहणी सुरू करा. शून्य आलं तर काढू, काळजी नको.

मी सरांकडे पाहिलं. सर साहेबांच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. तिथं एक कॅलेंडर होतं, त्यावर समुद्र होता.

निरोपसमारंभ झाला. ईरानं केक मागवला होता, एगलेस, वर साखरेची शेवंड. बेकरीवाल्यानंही शेवंड पाहिलेली नसावी, कारण विंचू आला होता. सरांनी केक कापला, विंचवाला धक्का न लावता. भाषणं झाली. ईरा रडली. मी माझी गंमत दाखवली नाही. साखरेचा विंचू शेवटपर्यंत पुठ्ठ्यावर राहिला आणि मग फ्रिजमध्ये गेला. तो अजून तिथं आहे.

पुढच्या अमावास्येनंतर मी होसकोट्याला गेलो. तळ्यात झुपके टांगलेले होते, ते मीच काही आठवडे आधी एका भाड्याच्या तराफ्यावर बसून टांगले होते, सरांच्या पद्धतीनं, रँडम. वर काढून ताटात झटकले. गोगलगायी पडल्या, एक जळू, शाम्पूच्या पुड्या, आणि कुणाचं तरी खेळण्यातलं चाक. शेवंडीची पिल्लं शून्य. ती मी भरली. प्रोग्रामनं या वेळी दिलेलं एक परत घेतलं, शून्य काढलं आणि स्वतःच खात्याकडे पाठवलं.

शून्य म्हणजे अर्ध्याच्या खाली. पहिलाच हंगाम होता, केंद्र यादीत होतं. नियम लागू झाला.

तळ्याकाठी बंदीची पाटी लागली आहे असं कळल्यावर मी सरांना फोन केला. सांगावं की नाही याचा विचार केला होता, पण ते विचारणारच होते. कागेगुड्ड्याच्या बंदीचा कागद येणार नव्हता, तरी ते अजून पुण्याला गेलेले नव्हते. अलकाताईंनी सामान बांधलं होतं आणि सर त्यातलं एकेक काढून वापरत होते. म्हणाले, बघायला जाऊ. रविवारी आम्ही बसनं गेलो. वाटेत नागराजचा फोन आला. कागेगुड्ड्यात आता बाहेरच्या बंदरांतल्या बोटीही येतात. समोरच्या खोल पाण्यात राहिलेल्या मोठ्या शेवंडी होत्या, त्या चालल्या आहेत, अंड्यांवरच्यासुद्धा. आपले झुपके त्यानं वर काढून घरामागे ठेवलेत. एका झुपक्यात मांजरीनं चार पिल्लं घातलीत. मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "छपरावरचा झुपका असेल तो. तो कोरडा होता."

तळ्याच्या काठी पाटी नवी कोरी होती, हिरव्यावर पांढरी, कन्नडमध्ये. सरांना इतक्या वर्षांत कन्नड वाचता आलं नाही, बोलण्यापुरतं येतं. म्हणाले, वाचा. मी वाचून मराठीत सांगितलं: झुपक्यामागे पिल्लांची सरासरी अर्ध्यापेक्षा कमी झाल्याने या ठिकाणी शेवंड धरण्यास दोन वर्षे बंदी आहे.

"परत एकदा," सर म्हणाले. मी परत वाचलं.

"वाक्य माझंच आहे," ते म्हणाले. "फक्त 'झाल्याने' नव्हतं."

पाटीच्या खालीच एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्यानं आम्हाला खात्याची माणसं समजून विचारलं की पाटीवर काय लिहिलंय. मी सांगितलं. शेवंड म्हणजे काय, तो म्हणाला. मी मावशीवाली ओळख करून दिली. त्याच्या काही लक्षात आलं नाही, पण 'बंदी' हा शब्द कळला. "सरी," म्हणजे बरं, म्हणाला, गळ गुंडाळला, डबा उचलला आणि निघून गेला. सर त्याच्याकडे, तो बांध ओलांडून दिसेनासा होईपर्यंत, बघत राहिले. त्यांच्या वाक्यामुळे कुणीतरी मासे धरायचं थांबवताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही काठावर पाटीच्या सावलीत थोडा वेळ बसलो. पाण्यावर माझ्या झुपक्यांचे तरंगते डबे दिसत होते, वाकड्यातिकड्या ठिकाणी. त्यांतला एकही सोयीच्या जागी नव्हता.

"शून्यच भरलंत ना?" सरांनी विचारलं.

"शून्यच."

"आणि दिलेलं एक परत घेतलंत?"

"घेतलं, सर."

त्यांनी मान हलवली. मग उन्हामुळे पाटीची सावली आमच्यावरून सरकली, तसे आम्ही दोघं तिच्यामागून थोडे थोडे सरकत राहिलो, परतीची बस येईपर्यंत.